झाशीचा उन्हाळा आणि वातानुकूलन यंत्र : आतला संच बदलताना काय पाहावे?

मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात झाशी शहरातील कमाल तापमान ४९ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले. बुंदेलखंडातील या शहराला कडक उन्हाळा नवा नाही. मे १८५८ मध्ये शेजारच्या जालौन भागातील कोंच येथे झालेल्या लढाईत सर ह्यू रोज याच्या फौजेतील अनेक सैनिक उष्माघाताने कोसळले होते आणि खुद्द रोजलाही उन्हाचा तडाखा बसला होता. फरक इतकाच, की पूर्वी उन्हाळा जाड भिंती, वाळ्याचे पडदे आणि गच्चीवरील झोप यांच्या आधाराने निभावला जाई. आता तो अनेक घरांत एका यंत्रावर अवलंबून आहे. हे यंत्र ऐन मे महिन्यात बंद पडले आणि घरात वृद्ध किंवा तान्हे मूल असेल, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा उरत नाही.

अशा वेळी दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराकडून हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'इनडोअर गेले आहे, दुसरे बसवू'. बाहेरचा संच चांगला असताना केवळ आतला बदलला तर निम्म्या खर्चात काम होईल, हा हिशेब ग्राहकालाही पटतो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. परंतु आतला संच ही दिव्याच्या बल्बासारखी सुटी वस्तू नाही. तो बाहेरच्या संचाचा जोडीदार असतो आणि जोडी जुळली नाही, तर त्याची किंमत वीजबिलाच्या, दमट खोलीच्या किंवा निकामी झालेल्या कॉम्प्रेसरच्या रूपाने मोजावी लागते.

आतल्या संचाचे काम

घरगुती वापराच्या स्प्लिट यंत्रात भिंतीवर बसवलेल्या आतल्या संचात मुख्यतः चार गोष्टी असतात : तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची कॉइल, तिच्यावरून हवा खेचणारा ब्लोअर, कॉइलवर जमणारे पाणी गोळा करणारा ट्रे आणि नियंत्रण करणारा सर्किट बोर्ड. छतावरील पोकळीत बसवून वाहिन्यांद्वारे अनेक खोल्यांत हवा पोहोचवणाऱ्या मोठ्या संचाला एअर हँडलर म्हणतात. त्याची रचना वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. कॉइलमधील शीतक, ज्याला व्यवहारात नुसते 'गॅस' म्हटले जाते, खोलीतील उष्णता शोषून घेऊन द्रवाचे वायूत रूपांतर पावते. बाहेरचा कॉम्प्रेसर तो वायू दाबतो आणि बाहेरची कॉइल ती उष्णता वातावरणात सोडते.

येथे आणखी एक गोष्ट घडते व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते नळीवाटे बाहेर जाते. म्हणजेच आतला संच हवा थंड करतो आणि कोरडीही करतो. ही दोन कामे तो कोणत्या प्रमाणात करील, हे कॉइलचा आकार आणि ब्लोअरच्या हवेचा वेग यांवर ठरते. झाशीच्या बाबतीत निवडीचा सारा प्रश्न येथेच येऊन ठेपतो.

एका वर्षात दोन उन्हाळे

मुंबई किंवा पणजी येथे हवा बहुतेक वर्षभर दमट असते. झाशीत तसे नाही. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत येथील हवा अत्यंत कोरडी असते आणि पश्चिमेकडून 'लू' वाहते. जूनअखेर किंवा जुलैत पाऊस येतो, पारा दहा-बारा अंशांनी उतरतो, पण उकाडा वाढतो. विदर्भातील वाचकांना हे चित्र नागपूर-चंद्रपूरवरून ओळखीचे वाटेल.

पाण्याचा कूलर या दोन ऋतूंत इतका वेगळा का वागतो, हे एका साध्या गणिताने समजते. दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. चांगला कूलर हवेला या मर्यादेच्या बराच जवळ, म्हणजे २७ अंशांच्या आसपास आणू शकतो. जुलैमध्ये ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तोच ओला तापमापक ३० अंशांवर थांबतो. कूलर हवेत फक्त ओल वाढवतो आणि खोली अधिकच घामट होते. म्हणूनच झाशीतील अनेक घरांत मे महिन्यात कूलर आणि पावसाळ्यात वातानुकूलन यंत्र अशी वाटणी दिसते. ज्यांना दोन्ही ऋतूंत एकच यंत्र वापरायचे आहे, त्यांच्या आतल्या संचाला दोन निराळ्या कसोट्या पार कराव्या लागतात.

वातानुकूलन क्षेत्रात दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. हवा कोरडी असेल तर याहून अधिक हवा फिरवणे फायद्याचे ठरते, कारण पाणी काढण्याचे काम जवळजवळ नसते व यंत्राची सारी शक्ती तापमान उतरवण्यात लागते. दमट दिवसांत याच्या उलट करावे लागते. हवा सावकाश फिरली की कॉइल अधिक थंड राहते आणि बाष्प अधिक प्रमाणात बाहेर पडते. त्यामुळे नवा आतला संच निवडताना ब्लोअरला किती वेग आहेत, ते खरोखरच एकमेकांपासून वेगळे आहेत काय आणि 'ड्राय' ही सोय आहे काय, हे पाहणे झाशीत अत्यावश्यक ठरते. मुंबईच्या ग्राहकाला जे दुय्यम वाटेल, ते येथे मुख्य आहे.

मोठा संच लावण्याचा मोह

'बाहेरचे दीड टनाचे आहे, आत दोन टनाचे लावू, जास्त थंड होईल' असा सल्ला काही वेळा दिला जातो. टन हे उष्णता वाहून नेण्याचे माप आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड, बर्फ २४ तासांत वितळवण्यास जितकी उष्णता लागते, त्या दराला एक टन म्हणतात. हा दर तासाला १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॉट इतका होतो. हे काम मुख्यतः कॉम्प्रेसरच्या बळावर होते. आत मोठी कॉइल बसवल्याने कॉम्प्रेसर मोठा होत नाही.

मोठ्या कॉइलमुळे शीतकाचे उकळण्याचे तापमान थोडे वर जाते. मे महिन्यात याचा त्रास जाणवत नाही, उलट हवेचा झोत जोरात आल्याने बरे वाटते व सल्ला योग्य होता असे वाटू लागते. ऑगस्ट उजाडला की तीच कॉइल पाणी पुरेसे काढत नाही. तापमान २५ अंश दिसते, पण गादी, उशी आणि कपाटातील कपडे ओलसर लागतात. मग ग्राहक तापमान आणखी खाली आणतो आणि बिल वाढते.

छोटी कॉइल लावणे याहून घातक आहे. तिच्यात शीतक पूर्णपणे उकळत नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि उरलेला द्रव कॉम्प्रेसरकडे परततो. कॉम्प्रेसर वायू दाबण्यासाठी बनवलेला असतो. द्रव दाबताना त्याचे आतील भाग तुटतात. आतल्या संचात वाचवलेले पैसे अशा वेळी बाहेरच्या संचासह जातात.

गॅस कोणता, हा पहिला प्रश्न

निवडीची सुरुवात नव्या संचाच्या दुकानात नव्हे, तर बाहेरच्या जुन्या संचावर चिकटवलेल्या पट्टीपासून व्हावयास हवी. तिच्यावर शीतकाचे नाव, त्याचे ग्रॅममधील वजन, प्रारूप क्रमांक आणि क्षमता लिहिलेली असते. झाशीच्या उन्हात ही अक्षरे पुसट झालेली असतात, तरीही क्रमांक मिळाल्यास बाकीची माहिती निर्मात्याकडून मिळू शकते.

जुन्या यंत्रांत बहुधा आर-२२ हे शीतक आढळते. ते ओझोनच्या थराला हानी पोहोचवते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतात २०१४ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार १ जानेवारी २०२५ पासून नव्या उपकरणांच्या निर्मितीत या गटातील शीतके वापरता येत नाहीत. दुरुस्तीसाठी आर-२२ मिळते, मात्र त्याचा पुरवठा आटत जाणार हे निश्चित आहे. त्यानंतर आलेले आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी असले तरी पृथ्वीचे तापमान वाढवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०९० पट मानली जाते. सध्या अनेक नव्या यंत्रांत असलेल्या आर-३२ बाबत हा आकडा सुमारे ६७५ आहे. काही यंत्रांत प्रोपेन, म्हणजेच आर-२९० वापरले जाते. त्याचा तापमानवाढीवरील परिणाम नगण्य आहे, पण ते ज्वालाग्राही आहे.

ही शीतके एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाहेरच्या कॉइलचे तापमान ५० अंशांवर असताना आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे १.६ पट असतो आणि आर-३२ चा त्याहून किंचित अधिक. झाशीच्या दुपारी हे तापमान ५० वर थांबत नाही, ६० च्या घरात जाते. आर-२२ साठी बनलेली आतली कॉइल अशा यंत्राला जोडणे म्हणजे पातळ नळीत तिच्या क्षमतेबाहेरचा दाब भरणे होय. शिवाय आर-२२ च्या यंत्रांत खनिज तेल असते आणि नव्या शीतकांसोबत कृत्रिम तेल वापरले जाते. जुन्या नळ्यांत राहिलेले तेल व काजळी नव्या यंत्रात गेल्यास सूक्ष्म नळी तुंबण्याचा धोका असतो. जुन्या यंत्रात प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरून घेणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळले पाहिजे. त्या यंत्रातील विजेची जोडणी ज्वालाग्राही वायूचा विचार करून बनवलेली नसते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की बाहेरचा संच आर-२२ वर चालणारा आणि दहा वर्षांहून जुना असेल, तर केवळ आतला संच बदलणे क्वचितच शहाणपणाचे ठरते. यंत्र तुलनेने नवे असेल, तर प्रश्न वेगळा आहे.

इन्व्हर्टर यंत्रांचे बंधन

एकाच गतीने चालणाऱ्या साध्या यंत्रात आतला सर्किट बोर्ड बाहेरच्या कॉम्प्रेसरला केवळ वीज सुरू किंवा बंद करण्याचा आदेश देतो. त्यामुळे क्षमता आणि शीतक जुळत असेल तर दुसऱ्या निर्मात्याचा आतला संचही चालू शकतो. इन्व्हर्टर यंत्रात आतला व बाहेरचा बोर्ड एकमेकांशी सतत संदेशांची देवाणघेवाण करतात आणि त्या आधारे कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त होते. हे संदेश प्रत्येक निर्मात्याचे, अनेकदा प्रत्येक प्रारूपाचे वेगळे असतात. दुसरा संच जोडल्यास यंत्र चुकीचा संकेत दाखवून बंद राहते. काही ठिकाणी बाजारातील सर्वसाधारण बोर्ड लावून हा अडथळा दूर केला जातो. यंत्र चालू होते, पण इन्व्हर्टरची गती बदलण्याची क्षमता, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले होते तीच गोष्ट, नाहीशी होऊ शकते.

तारांकनाचेही असेच आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना २००२ मध्ये झाली आणि तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली. २०१८ पासून घरगुती वातानुकूलन यंत्रांचे तारांकन हंगामी कार्यक्षमतेवर आधारलेले आहे. त्यात बाहेरचे २४ ते ४३ अंशांपर्यंतचे तापमान आणि वर्षातील १,६०० तासांचा वापर गृहीत धरलेला असतो. हे तारे आत-बाहेरच्या जोडीला मिळालेले असतात. जोडीदार बदलला की डब्यावरील तारे कागदापुरतेच राहतात. झाशीतील मे महिन्याची दुपार तर या गृहीत मर्यादेच्याही बाहेरची असते. यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली असते. पारा ४५ वर गेला की तेच यंत्र कमी थंडावा देते आणि जास्त वीज घेते. यात बिघाड नसतो. मात्र अनेकदा याच काळात 'इनडोअर थकले' असा निष्कर्ष काढला जातो.

खरोखर काय बिघडले आहे?

संच बदलण्यापूर्वी बिघाडाचे नेमके निदान करून घेणे, हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. ब्लोअरची मोटर, सर्किट बोर्ड, तापमान मोजणारा सेन्सर, पाण्याचा ट्रे हे भाग सुटे मिळतात व बदलता येतात. पाणी खोलीत गळणे हे तर बहुतेक वेळा तुंबलेल्या नळीचे लक्षण असते.

झाशीच्या आसपास ग्रॅनाइट फोडणारी अनेक केंद्रे आहेत आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर बारीक धूळ शहरभर पसरते. ही धूळ जाळीतून निसटून कॉइलच्या पात्यांत व ब्लोअरच्या पंख्यात बसते. हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो, गारवा घटतो आणि लक्षणे गॅस गळाल्यासारखीच दिसतात. अशा यंत्रात गॅस 'टॉप-अप' केल्यास मूळ दोष तसाच राहतो. कॉइल आणि पंखा पाण्याने नीट धुऊन घेतल्यावरही तक्रार कायम राहिली, तरच पुढची तपासणी करावी.

कॉइलमधून खरोखर गळती असेल, तर नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने तिची जागा शोधता येते. गळती कडेच्या वळणावर असेल तर तांब्याच्या नळीला डाग देता येतो. पात्यांच्या आत अनेक ठिकाणी बारीक छिद्रे पडली असतील, तर कॉइल बदलावी लागते. उघडी गटारे व नाले यांतून निघणारा गंधकयुक्त वायू तांब्याला काळे करून झिजवतो. एकाच घरात कॉइल पुन्हा पुन्हा गळत असेल, तर कारण यंत्राबाहेर, खिडकीखालच्या नाल्यात असू शकते. तेथे संरक्षक लेप असलेली कॉइल निवडणे योग्य. अ‍ॅल्युमिनियमची कॉइल स्वस्त असते, मात्र तिची दुरुस्ती स्थानिक कारागिराकडून होणे कठीण असते. आर-३२ किंवा आर-२९० च्या यंत्राला डाग देण्यापूर्वी त्यातील शीतक पूर्णपणे काढून घेतले आहे, याची खात्री करावी. याबाबत तडजोड नको.

जुन्या घरांतील नळ्या

मराठ्यांच्या अमलात, अठराव्या शतकापासून, झाशीत येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही शहरात आहेत. परकोटाच्या आत, खंडेराव दरवाजा किंवा ओरछा दरवाजाच्या परिसरातील जुन्या घरांच्या भिंती जाड असतात आणि बाहेरचा संच ठेवण्यास गच्चीशिवाय जागा नसते. त्यामुळे तांब्याच्या नळ्या लांब जातात व त्या अनेकदा भिंतीत पुरलेल्या असतात. नवा आतला संच त्याच नळ्यांवर चढवायचा असेल, तर त्यांचा व्यास जुळला पाहिजे. जुन्या दीड टनी यंत्रांत वायूची नळी पाच अष्टमांश इंचाची असू शकते आणि नव्या यंत्रांत ती बहुधा अर्धा इंचाची असते. जोडतुकडा लावून व्यास कसाबसा जुळवण्यापेक्षा नळी बदलणे चांगले. नळ्यांवरील वेष्टण उन्हाने फाटलेले असेल, तर गच्चीवरच बराच थंडावा वाया जातो. याकडे मात्र कोणी पाहत नाही.

नव्या संचाची जोडणी झाल्यावर निर्वात पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढणे अनिवार्य आहे. यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची पद्धत अजूनही दिसते. तिच्यामुळे ओल आत राहते आणि नव्या यंत्रांतील कृत्रिम तेल ती ओल चटकन शोषून घेते. पुढे कॉम्प्रेसरच्या आयुष्यावर तिचा परिणाम होतो. शीतक केवळ दाबाच्या अंदाजाने न भरता वजनकाट्यावर मोजून भरावे. आतली कॉइल मूळ कॉइलपेक्षा वेगळी असेल तर पट्टीवर लिहिलेले वजनही पुरेसे ठरत नाही, त्यात फेरफार करावा लागतो.

काम नीट झाले की नाही, हे ग्राहकाला एका साध्या तापमापकाने पाहता येते. यंत्र पंधरा-वीस मिनिटे पूर्ण क्षमतेने चालल्यावर आत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत साधारणपणे ८ ते १२ अंशांचा फरक पडावा. कोरड्या मे महिन्यात तो अधिक, तर पावसाळ्यात कमी असतो. फरक चार-पाच अंशांवरच अडकला असेल, तर कारागिराला जाऊ देऊ नये.

बदलावा की नाही?

यंत्र हमीच्या कालावधीत असेल, शीतक आर-३२ असेल आणि मूळ निर्मात्याकडून त्याच प्रारूपाचा आतला संच मिळत असेल, तर केवळ तो बदलणे योग्य आहे. यंत्र सात-आठ वर्षांचे, एकाच गतीचे आणि आर-४१०ए वर चालणारे असेल, तर निर्णय वापरावर अवलंबून राहील. हंगामी कार्यक्षमता ३.५ असलेल्या यंत्राच्या जागी ५ असलेले यंत्र आल्यास तेवढ्याच थंडाव्यासाठी सुमारे ३० टक्के वीज कमी लागते. रात्रंदिवस यंत्र चालवणाऱ्या घराला हा फरक काही उन्हाळ्यांत भरून मिळतो. केवळ पावसाळ्यातील उकाड्यापुरते यंत्र लावणाऱ्या आणि मे महिना कूलरवर काढणाऱ्या घराला कदाचित मिळणार नाही, आणि अशा घराने दुरुस्तीवर भागवले तर त्यात गैर काही नाही.

वरच्या मजल्यावरील, थेट स्लॅबखालच्या खोलीत यंत्र कधीच पुरे पडले नसेल, तर आतला संच बदलून फरक पडणार नाही. अशा ठिकाणी गच्चीला चुन्याचा पांढरा लेप देणे व पश्चिमेच्या खिडकीवर सावली करणे अधिक फलदायी ठरते.

ही सर्व चौकशी फेब्रुवारी-मार्चमध्ये केल्यास कारागिरांना वेळ असतो आणि मूळ निर्मात्याचा संच मागवण्यासही अवधी मिळतो. मे महिन्यात दुकानात जे असेल तेच भिंतीवर येते. जुना संच काढताना त्यातील शीतक हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत भरून घेण्याची अट कारागिराला आधीच सांगावी व नव्या संचाचा प्रारूप क्रमांक, भरलेल्या शीतकाचे नाव आणि वजन पावतीवर लिहून घ्यावे. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी बाहेरच्या पट्टीवरील अक्षरे बहुधा पूर्णच पुसलेली असतील.